पाण्यातले देव

१९९६ साली माझा दहावीचा निकाल लागायचा होता, तेव्हा सांगलीच्या आत्याने देव पाण्यात ठेवले. हा वाक्प्रचार मला ठाऊक होता. निवडणुकीच्या दिवसांत वर्तमानपत्रं तो सढळ हाताने वापरतात. आत्याकडे मात्र तो वाक्प्रचार नव्हता. गावभागातल्या तिच्या जुन्या घरात, देवघरासमोर तांब्याचं घंगाळ होतं, घंगाळात गळ्याइतकं पाणी होतं आणि तळाशी गणपती, अन्नपूर्णा, रांगता बाळकृष्ण, पिंड आणि पालीच्या खंडोबाचा टाक असे पाचजण बसले होते. बाळकृष्णाचा लोण्याचा हात तेवढा वर होता. पोहता येत नसलेल्या माणसाचा असतो तसा.

मला एक्क्याऐंशी टक्के पडले. आत्याने देव बाहेर काढले, पंच्याने पुसले, आणि साताऱ्याहून कंदी पेढे घेऊन आलेल्या अण्णांना म्हणाली, "बघ."

अण्णा म्हणजे माझे वडील, आत्याचे धाकटे भाऊ, साताऱ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "अक्का, सांगलीत यंदा किती घरी देव पाण्यात होते?"

"असतील पुष्कळ."

"आणि त्यातली नापास किती झाली?"

"त्यांनी मनापासून ठेवले नसतील."

अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले, "लक्षात ठेव. पास झाली तर देवामुळे, नापास झाली तर माणसामुळे. हे गृहीतक नव्हे. गृहीतकाला हरायची तयारी ठेवावी लागते." कार्ल पॉपर नावाच्या तत्त्वज्ञाचं नाव मी कॉलेजात ऐकलं, पण जे विधान कशानेच खोटं ठरू शकत नाही ते विज्ञानाचं विधान नव्हे, हा त्याचा मुद्दा मला कंदी पेढ्याबरोबर आधीच मिळाला होता.

या बहीणभावांचं हे भांडण त्याच्या आदल्या वर्षी रंगात आलं होतं. २१ सप्टेंबर १९९५ ला देशभर गणपती दूध प्यायला लागले. आत्या चमचा-वाटी घेऊन रांगेत दोन तास उभी राहिली आणि तिच्या हातून गणपतीने दूध घेतलं. रात्री तिचा फोन आला. अण्णांनी तो ठेवला, स्वयंपाकघरात जाऊन पाट्यावरचा वरवंटा उभा केला आणि दुधाने काठोकाठ भरलेला चमचा त्याला टेकवला. वरवंटाही प्यायला. दुधाच्या पृष्ठताणाने चमच्याच्या कडेवरून दूध ओढलं जातं आणि दगडावरून पातळ ओघळ खाली उतरतो, हे त्यांनी आम्हाला ओट्यावरची ओल दाखवून समजावलं. मग विजयी मुद्रेने सांगलीला फोन लावला.

"अक्का, वरवंटा दूध प्यायला."

पलीकडे क्षणभर शांतता. मग आत्या म्हणाली, "वरवंट्यात देव नाही असं तुला कोण बोललं? बारशाला गोप्या म्हणून त्यालाच पाळण्याखालून फिरवतो की आपण."

अण्णांनी फोन ठेवला. विज्ञानाच्या इतिहासात याची नोंद नाही, पण एक स्वच्छ प्रयोग एका वाक्यात वाहून गेलेला मी त्या रात्री पाहिला.

साताऱ्याला या वादाची हवा जुनी आहे. डॉ. श्रीराम लागू साताऱ्यात जन्मले, १९२७ साली, डॉ. नरेंद्र दाभोलकरही साताऱ्याचेच, १९४५ चे. दाभोलकर पुढे शिकायला सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात आणि मग मिरजेच्या मेडिकलला गेले, म्हणजे त्यांचा रस्ता आमच्या एसटीचाच. हे दोघे एकाच व्यासपीठावर बसून महाराष्ट्रभर देवाबद्दल बोलत हिंडले. गंमत अशी की त्यांचं एकमत नव्हतं. लागूंचं म्हणणं, परमेश्वराला आता रिटायर करा. नाक-कान-घशाचे सर्जन ते. आत डोकावून जे दिसत नाही ते नाही, इतका सरळ हिशेब. दाभोलकर शेजारीच बसून सांगायचे की आपल्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं देवाशी भांडण नाही. देवाच्या नावावर जे लुबाडणं चालतं त्याच्याशी आहे.

आत्याला लागू नट म्हणून फार आवडायचे. त्यांच्या रिटायरमेंटच्या सूचनेवर तिचा आक्षेप निराळाच होता. "रिटायर करायचं म्हणजे आजवर नोकरीत होता हे मान्य केलं ना?"

दाभोलकर कबड्डीचे नामांकित खेळाडू होते, आणि मला त्यांची भूमिका नेहमी त्या मैदानावरून कळली. ज्याच्या अंगाला हात लावता येतो त्याच्यावरच चढाई करायची. अंगारा देऊन मूल होईल, मंत्राने साप उतरेल, कुंडलीवरून मुलाची बुद्धी सांगता येईल, या सगळ्या गोष्टी दम असेतोवर शिवून परत येण्यासारख्या आहेत. २००८ साली जयंत नारळीकर, दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्योतिषाची अशी चाचणी घेतलीही. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या एकत्र करून ज्योतिषांकडे पाठवल्या आणि कुठली कोणाची ते विचारलं. सत्तावीस जणांनी उत्तरं दिली. ती सरासरी शेकडा ४६ बरोबर निघाली. नाणं उडवलं असतं तर पन्नास आली असती. आत्याचा ज्योतिषावरचा विश्वास त्यानंतर उडाला, कारण नाणं घरात होतं आणि ज्योतिषी दक्षिणा घ्यायचा.

२० ऑगस्ट २०१३ ला सकाळी फिरायला निघालेल्या दाभोलकरांना पुण्यात गोळ्या घातल्या. जादूटोणाविरोधी कायद्याच्या मसुद्यात देव-धर्माविरुद्ध एक शब्द नाही, हे ते वर्षानुवर्षं सांगत आले होते. कायदा त्या डिसेंबरात झाला. आत्याने खुनाच्या दिवशी अण्णांना फोन केला. "तो आपला साताऱ्याचा मुलगा," एवढंच म्हणाली. दोघांनी वाद घातला नाही. नंतर बरेच दिवस घातला नाही.

तर, देवाला शिवता येतं का? अमेरिकेत एकदा फार गंभीरपणे प्रयत्न झाला. हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या १८०२ रुग्णांचे तीन गट केले. एका गटासाठी लोकांनी प्रार्थना केली, एकासाठी नाही, पण आपण कुठल्या गटात हे या दोघांनाही सांगितलं नव्हतं. तिसऱ्या गटाला मात्र तुमच्यासाठी प्रार्थना नक्की होणार असं सांगितलं. २००६ मध्ये निष्कर्ष आला. पहिल्या दोन गटांत काही फरक पडला नव्हता. फरक पडला तो तिसऱ्यात: शेकडा ५९ जणांना गुंतागुंत झाली, इतरांत ५१-५२ जणांना. आपल्यासाठी लोक देवाला साकडं घालताहेत हे कळल्यावर बिचाऱ्यांना वाटलं असेल, म्हणजे आपलं काही खरं नाही!

अण्णांनी हे मोठ्या उत्साहाने सांगलीला कळवलं. आत्याने दोन प्रश्न विचारले. पहिला, "ओळख ना देख, यादीतून नाव वाचून कोणी प्रार्थना करतं होय?" दुसरा मला आजही पेलत नाही. "प्रयोग चाललाय हे पेशंटला सांगितलं नाही ते कळलं. देवाला कसं कळू दिलं नाही?"

खरंच, चाचणीत ज्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची तोच सर्वज्ञ असेल तर करायचं काय? आणि पट्टी नसेल, त्याच्या मनात आलं तर तो उत्तर देणार, नाही आलं तर नाही, मग आलेल्या आकड्याचा अर्थ कोण लावणार? सांगलीपासून वीसेक किलोमीटरवर नरसोबाच्या वाडीला कृष्णेचा पूर देवळात शिरतो, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतो, आणि लोक त्या पाण्यात स्नानाला गर्दी करतात. दक्षिणद्वार सोहळा म्हणतात त्याला. पूर आला तर सोहळा, नाही आला तर कृपा. या देवाला हरवणार कसं? आणि जो हरत नाही तो जिंकला असं तरी म्हणणार कसं?

याच्या उलट चित्र कोयनेचं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला, माणसं गेली, साताऱ्यात अण्णा अंगणात धावले. तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. देवी कोपली असं म्हणणारे होतेच. शास्त्रज्ञांचा तर्क वेगळा होता: धरणामागे साठलेल्या पाण्याचा त्यात हात असावा. ऐकायला दोन्ही सारखंच, नाही का? न दिसणारं काहीतरी खोल हललं. पण शास्त्रज्ञ तर्क मांडून घरी गेले नाहीत. त्यांनी यंत्रं बसवली, नोंदी ठेवल्या, आणि पन्नास वर्षांनंतर त्याच भागात तीन किलोमीटर खोल भोक पाडून खडक वर काढला. आपण चुकलोय का हे पाहायला कोणी इतकं खोल जात असेल तर त्याला गृहीतक म्हणावं. देवी कोपली म्हणणाऱ्यांनी वीतभरही खणलं नाही. त्यांना गरजही नव्हती म्हणा.

म्हणून मला वाटतं, देव हे शास्त्रीय गृहीतक आहे का या प्रश्नाला आत्याच्या घरात पाय ठेवायला जागाच नाही. वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी ज्या न्यायशास्त्राची पदवी घेतली, त्यात देव अनुमानाने सिद्ध करायची मोठी परंपरा आहे. उदयनाचार्य म्हणतात, मडकं आहे म्हणजे कुंभार असणारच, तसं जग आहे म्हणजे कर्ता असणारच. ते सगळं पचवून तर्कतीर्थांनी 'जडवाद' लिहिला. पण आत्याने तिच्या बाळकृष्णाबद्दल कधी अनुमान केलं नव्हतं. आपल्या सख्ख्या भावाच्या अस्तित्वाबद्दल तरी कोण करतं?

तिची खरी गृहीतकं वेगळी होती, आणि त्यातलं एक माझ्यादेखत खोटं ठरलं. २०१९ साली ५ ऑगस्टला नागपंचमी होती. अण्णा अक्काला माहेरी न्यायला सांगलीला गेले होते. पाणी चढत होतं. आयर्विन पुलाजवळ पंचेचाळीस फूट ही धोक्याची पातळी, ती ओलांडली होती. आत्या हलेना. "२००५ ला तिसऱ्या पायरीवर थांबलं होतं. त्याच्या वर येत नाही." गावभागातले पुष्कळजण हेच म्हणत होते. स्पष्ट, मोजता येणारं, पायरीवर खूण केलेलं विधान; पॉपर खूश झाला असता. पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं.

दोन दिवस ते दोघे माळ्यावर होते. मला फोनवर आवाज तुटक यायचा. तिसऱ्या दिवशी बोट आली. मी विश्रामबागेकडे, पाणी संपतं तिथे उभी होते, आणि पुढचं मला बोटीतल्या पोराने सांगितलं.

"सामान नाही, नुसती माणसं," असं त्याने आधीच बजावलं होतं. आत्या उतरली. तिच्यामागे अण्णा उतरले, एकोणसत्तर वर्षांचे, डोक्यावर बुट्टी.

"काका, काय आहे त्यात?"

अण्णा जन्मात खोटं बोलले नव्हते, आणि जे खरं होतं ते त्यांच्या तोंडून निघणार नव्हतं.

"पितळ," ते म्हणाले. "सव्वा किलो."

आत्याने डोळे वटारले. पोरगा हसला आणि बोट सोडली. बऱ्याच वेळाने, शहर अर्धं मागे पडल्यावर, आत्याच म्हणाली, "खाली ठेव की आता. हात भरून येतील."

"खाली पाणी आहे," अण्णा म्हणाले.