दहा दिवसांची सेवा

उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं, तेव्हाच मी ओळखलं की आमच्या नव्या गाडीला सात सीटा आहेत ही सुवार्ता त्यांच्यापर्यंत पोचली आहे.

"ताई, अमेरिकेहून बाराजण येताहेत. दहा दिवस सेवा करायला. तुमचं इंग्लिश चांगलं आहे, म्हणून म्हटलं..." सीटांचा विषय त्यांनी शेवटी काढला.

शमशाबाद विमानतळावर आमची मंडळी पहाटे ३ वाजता उतरली. बाराही जणांच्या अंगात एकाच भडक नारिंगी रंगाचे टी-शर्ट, पाठीवर शास्त्रवचन, आणि माणशी २३ किलोच्या दोन-दोन बॅगा. मारेडपल्लीला पोचलो तर आमचा वॉचमन अर्धवट झोपेत उठला. नारिंगी शर्ट बघून त्याने सवयीने विचारलं, "स्विगी? कौनसे फ्लॅट का ऑर्डर है?" टीमच्या म्होरक्याने अत्यंत नम्रपणे हात जोडून "नमस्ते" म्हटलं. वॉचमनने कोड मागितला.

बॅगांतून फुगे निघाले, शेंगदाण्याच्या लोण्याच्या बरण्या निघाल्या, हात निर्जंतुक करायच्या बाटल्या निघाल्या आणि दोनशे टूथब्रश निघाले. सिकंदराबादेत टूथब्रश मिळतात हे मी बोलले नाही. सातासमुद्रापलीकडून दोनशे ब्रश वाहून आणलेल्या माणसाला असलं काही सांगायला जीभ रेटत नाही. एका बॅगेत मात्र नोहाचं अख्खं तारू होतं. कापडी बाहुल्या: दोन हत्ती, दोन जिराफ आणि एकच कबुतर. दुसरं कस्टममध्ये हरवलं की शास्त्राप्रमाणे आधीच सोडून दिलं, कळलं नाही.

वेळापत्रक छापील होतं. ८.०० प्रार्थना, ८.२० नाश्ता. आणि गाव कोणतं, तर हैदराबाद, जिथे ‘परसों’ म्हणजे परवा, गेला महिना किंवा निजामाची राजवट, यांपैकी काहीही असू शकतं. "मेस्त्री परसों आके गया," असं वसतिगृहाच्या शिपायाने सांगितल्यावर एका मुलीने वहीत तारीख लिहून घेतली. मी तिला थांबवलं नाही. मेस्त्री मागच्या ईस्टरला येऊन गेला होता.

जेवणाचं वेगळंच. "तिखट नको," एवढी एकच त्यांची अट. आपल्या ‘नको’ला दखनीने एक क जास्तीचा देऊन ‘नक्को’ केलंय, तो शब्द त्यांनी पहिल्या दिवशीच उचलला आणि ताटावर आडवा हात धरून दहा दिवस वापरला. मी मुगाची खिचडी, कढी, दहीभात, पुन्हा खिचडी असं रेटत होते. पाचव्या दिवशी एक निवृत्त विमा एजंट काका बिर्याणीबरोबरचं मिरची का सालन आमटी समजून वाटीभर प्यायले. त्यानंतर त्यांची जी काही सेवा झाली, ती मीच केली. साखर-मीठ-पाणी, दर तासाला.

मधे एक दिवस त्यांना मेदकचं चर्च दाखवायला नेलं. मिशनरी पॉसनेटसाहेबांनी दुष्काळात लोकांच्या हाताला काम आणि पोटाला अन्न मिळावं म्हणून बांधायला घेतलं, ते २५ डिसेंबर १९२४ला खुलं झालं. साहेब या मुलखात चाळीसएक वर्षं राहिले. आमच्या टीमने माना वर करून मनोरा पाहिला. दहा दिवसांत पॉसनेटसाहेबांच्या पेट्याही उघडून झाल्या नसतील, असं मला वाटलं. पण मनोऱ्याखाली उभं राहून तेही बोलवेना.

शनिवारी ४.०० वाजता तारवाचा खेळ होता. ३.३० ला आभाळ फाटलं. ४.०० ला वस्तीतल्या रस्त्यावर गुडघाभर पाणी, त्यात एक रिक्षा बंद पडलेली आणि दोन स्कूटर तरंगायच्या बेतात. पाहुणे घाबरून जिन्यावर. मुलं मात्र एकही न चुकता आली, भिजत, खिदळत, आणि खेळाकडे ढुंकूनही न बघता स्कूटरी ओढायला लागली. शेवटी काकाच पँट दुमडून पाण्यात उतरले आणि रिक्षा ढकलू लागले. छापील वेळापत्रकात नसलेलं, पण दहा दिवसांत खरोखर उपयोगी पडलेलं असं ते एक काम. एकुलतं कबुतर वाहत नाल्याकडे गेलं.

आमचं घराणं जालन्याचं. निजामाच्या राज्यातलं जालना. तिथे रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी बेथेल गाव वसवलं, आणि १८७३ साली ते न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत पागोटं घालून बोलायला उभे राहिले. म्हणजे उलट्या दिशेची वाहतूकही जुनीच. आजी हे सांगायची तेव्हा भाषणाचा मजकूर तिला ठाऊक नसायचा, पागोटं मात्र ती हातवारे करून पूर्ण गुंडाळायची.

निरोपाच्या रात्री सगळे रडले. काका म्हणाले, "आम्ही द्यायला आलो होतो, पण घेऊनच चाललो." हे अक्षरशः खरं होतं. टूथब्रशांच्या जागी लाडबाजारच्या बांगड्या, कराची बेकरीची बिस्किटं आणि माझा एक छोटा कुकर गेला. खिचडीसाठी. मी पण रडले. कुकर चांगला होता, आणि काकाही.

आता त्यांच्या मंडळीने आमच्यातल्या चौघांना बोलावलंय. दहा दिवस, सेवेला. कॉन्सुलेटच्या मुलाखतीत "तिथे जाऊन काय करणार?" असं विचारतील म्हणून यजमान घरी सराव करताहेत; अजून उत्तर सापडलेलं नाही. माझ्या २३ किलोंत मेतकूट, मुगाची डाळ आणि हिरव्या मिरच्यांचं लोणचं बसलंय. टी-शर्टचा रंग समितीत ठरेना, तेव्हा मी पागोट्याचं सुचवलं. वॉचमनला विचारलं, तर तो म्हणाला, "कुछ भी पहनो अम्मा, नारंगी नक्को."