प्रभागाच्या बागेत कलाकृती कशी बसवावी

प्रभाग मिळाला, निधी मंजूर झाला, बाग आयती आहे. आता शिल्प हवंच. ते कशाचं असावं, या भानगडीत सुरुवातीला पडू नये. आधी कोनशिला करून घ्यावी. काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं. 'यांच्या संकल्पनेतून साकारलेले' ही ओळ सगळ्यांत ठळक, खाली 'शुभहस्ते', मग 'प्रमुख उपस्थिती' आणि उरलेल्या जागेत कार्यकर्त्यांची नावं, टोपणनावांसकट. शिल्पकाराचं नाव घालावं असं कोणी सुचवलं, तर दगड संपला म्हणून सांगावं.

विषय निर्धोक निवडावा. माणसाच्या पुतळ्याला परवानग्या लागतात, शिवाय नाक कोणासारखं झालं यावरून मोर्चा निघू शकतो. फायबरच्या हरणाला कोणाचीच हरकत नसते. मात्र जोडी घ्यावी. एकाचं शिंग मे महिन्याच्या सुट्टीत मोडतं आणि आतला गंजका गज दिसू लागतो. मग फोटोला दुसरं कामी येतं. शेजारी तोंड वासलेला पेंग्विन ठेवावा. ती कचराकुंडी असते, कचरा तिच्या पायाशी पडतो. बसायला सिमेंटचे ओंडके करावेत, त्यांवर तपकिरी रंगाने गाठी आणि वर्तुळंही काढून घ्यावीत. त्यांना जागा करायला एखादं खरं झाड तोडावं लागलं, तर इलाज नाही.

'शिल्पावर चढू नये' ही पाटी विसरू नये. मलबार हिलच्या कमला नेहरू पार्कातल्या म्हातारीच्या बुटात शिरून मुंबईची पोरं पिढ्यान्‌पिढ्या वर चढत आली. असली लोकप्रियता देखभाल खात्याला परवडत नाही.

जुन्या शिल्पांचं काय करायचं, हे भायखळ्याच्या राणीच्या बागेकडून शिकावं. युवराज एडवर्डचा १८७९चा अश्वारूढ पुतळा १९६५मध्ये फोर्टातून हलवला आणि पुढे या बागेत आणून ठेवला. मागे नाव उरलं काळा घोडा. २०१७मध्ये फोर्टातल्या त्याच परिसरात नवा घोडा बसवला, तो स्वाराविनाच. याला म्हणतात दूरदृष्टी! स्वारच नाही, तर नाकाचा प्रश्न कुठून येणार? बागेशेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्तीही आहे. एकोणिसाव्या शतकात विलायतेला न्यायला उचलताना तो कोसळून फुटला, पुढे तुकडे सांधून उभा केला. तेव्हा एका शिंगाने खचून जाऊ नये. एडवर्डचा पुतळा घडवणाऱ्या जोसेफ एडगर बोहमचं नाव आजही सापडतं. हत्ती घडवणाऱ्याचं नाव मात्र कोणालाच ठाऊक नाही. ग्रॅनाइट आपल्याकडे फार पूर्वीपासूनच कमी पडत आलेला दिसतो.

उद्घाटन आचारसंहितेच्या आत उरकावं. फीत, नारळ, ढोलपथक आणि सेल्फी पॉइंटवर आधी साहेबांचा सेल्फी. शिल्पकाराला निमंत्रण पाठवायची गरज नाही. थकलेल्या बिलाची चौकशी करायला तो आलेलाच असतो.