सगळ्यांचा बाप

काही माणसांना दुसऱ्याचं भलं केल्याशिवाय अन्न गोड लागत नाही, आणि ते भलं कशात आहे हेही तेच ठरवतात. अशा माणसाच्या हाती घराचा कारभार आला तर घरातले चारजण वैतागतात. जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्गमध्ये अशाच एकाच्या हाती राज्य आलं.

ड्यूक कार्ल ऑयगेनचा जन्म १७२८चा. नवव्या वर्षी वडील गेले. पुढे शिक्षणासाठी त्याला बर्लिनला, फ्रेडरिक द ग्रेटच्या दरबारी ठेवलं. सोळाव्या वर्षी फ्रेडरिकने ‘मुलगा कर्ता झाला’ अशी शिफारस केली आणि १७४४ मध्ये स्वारी गादीवर बसली. जाताना फ्रेडरिकने उपदेशपर एक निबंधही लिहून हाती दिला. राज्य तुझ्या चैनीसाठी नाही, तू प्रजेच्या सुखासाठी आहेस, असा त्याचा मथितार्थ. कार्लने तो नीट घडी घालून कुठेतरी ठेवला असावा.

कारण पुढची पंचवीस वर्षं ऋण काढून सण चालला. इटलीहून योमेल्ली हा संगीतकार आणला, फ्रान्सचा नोव्हेर बॅलेला आणला. युरोपात कुठे नसेल असा ऑपेरा या चिमुकल्या राज्यात होऊ लागला. ड्यूकच्या वाढदिवसाचे सोहळे तर दिवसच्या दिवस चालत. १७६३च्या वाढदिवसाला नोव्हेरने जी कथा नाचवली ती मिडियाची, म्हणजे स्वतःच्या पोटच्या पोरांना मारणाऱ्या आईची. यजमानाला ती आवडली म्हणतात. राजवाड्यांचीही तीच गत. श्टुटगार्टमध्ये नवा वाडा, जंगलात ‘सोलितूद’, म्हणजे एकांत. एकांताला जायला मात्र लुडविग्सबुर्गपासून तेरा किलोमीटरचा सरळसोट रस्ता.

पैसा कुठून येई? फ्रान्सला सैन्य पुरवायच्या बोलीवर. सप्तवार्षिक युद्धात गावोगावची पोरं धरून नेली. १७५९ मध्ये फुल्डा इथे ड्यूकसाहेबांनी नृत्यसमारंभ योजला होता, त्याच दिवशी शत्रू चालून आला. नाच राहिला, लढाईही गेली. घरी मोझर नावाचे कायदेपंडित प्रतिनिधीसभेच्या वतीने हिशेब मागत होते. त्यांना चौकशीविना पाच वर्षं किल्ल्यात ठेवलं. शेवटी सभेने थेट सम्राटाच्या दरबारी दाद मागितली आणि १७७०च्या करारात ड्यूकला नमतं घ्यावं लागलं.

असा माणूस नमला की गप्प बसत नाही, तो सुधारणा करायला लागतो. त्याच वर्षी त्याने शाळा काढली.

ही कार्ल्सशुले त्याचं खरं अपत्य. पोरांच्या आईबापांकडून लेखी घेतलं जाई की मुलगा यापुढे पूर्णपणे ड्यूकच्या सेवेला वाहिला. सुट्टी नाही, घरी जाणं नाही. बाप एकच, तो कार्ल. पोराने चूक केली की चिठ्ठी लिहून ती त्याच्या कोटाच्या काजात अडकवत. जेवणाच्या वेळी ड्यूक पंगतीतून फिरत एकेक चिठ्ठी वाचून स्वतः शिक्षा ठरवी. राज्याचा धनी, आणि वेळ घालवतो कशात, तर कोणत्या पोराने काय आगळीक केली ते वाचण्यात! माझ्या मते त्याच्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे तास हेच.

यातच एका लष्करी अधिकाऱ्याचा तेरा वर्षांचा मुलगा आला, फ्रिडरिश शिलर. त्याला धर्मोपदेशक व्हायचं होतं. तो विषय शाळेत नव्हता, म्हणून त्याला कायदा दिला, मग वैद्यक. त्याचा प्रबंध वाचून ड्यूकने शेरा दिला की पोरात आग फार आहे, ती जरा निवावी म्हणून आणखी एक वर्ष इथेच राहू दे. आग निवली नाही. त्याचं ‘डी रॉयबर’ हे नाटक १७८२ मध्ये मानहाइमला गाजलं. तो न विचारता सरहद्द ओलांडून तिकडे गेला, म्हणून चौदा दिवसांची कैद आणि वर हुकूम: वैद्यकाखेरीज काही लिहायचं नाही. सप्टेंबरात रशियाच्या युवराजासाठी सोलितूद दिव्यांनी लखलखत होता. सगळं शहर तिकडे लागलेलं बघून शिलर रात्रीच पसार झाला.

मध्यंतरी फ्रांत्सिस्का नावाच्या, दुसऱ्याच्या बायकोवर ड्यूकचं मन बसलं. तिच्या संगतीने तो बराच निवळला, शेतीबागायतीत रमला. १७७८ मध्ये पन्नासाव्या वाढदिवशी त्याने चर्चाचर्चांतून आपली जाहीर कबुली वाचून दाखवायला लावली: मी माणूस आहे, चुकलो, यापुढे तुमच्या सुखासाठी जगेन. ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावले असतील. पण कवी शुबार्टला वर्षभरापूर्वीच फसवून पकडून होहेनआस्पर्गच्या किल्ल्यात डांबलं होतं, तो तिथेच राहिला. दहा वर्षांनी सोडलं तेव्हा ड्यूकने त्याला लगेच श्टुटगार्टच्या नाटकशाळेचा प्रमुख केलं. रागही स्वतःचा, लोभही स्वतःचा, मधे शुबार्टला विचारतो कोण? आणि त्याच १७८७ साली सुमारे दोन हजारांची पलटण डच ईस्ट इंडिया कंपनीला भाड्याने देऊन आफ्रिकेच्या टोकाकडे रवाना केली. परत आले ते फार थोडे.

याच माणसाने सार्वजनिक ग्रंथालय काढलं, कोपनहेगनहून पाच हजारांवर बायबलं विकत आणली. ती आजही श्टुटगार्टच्या ग्रंथालयाची शान आहेत.

१७९३ मध्ये शिलर, आता नामवंत होऊन, आजारी अवस्थेत मायदेशी आला. ड्यूक म्हणाला की आपण त्याच्याकडे दुर्लक्ष करू. माझ्या वाचनात तरी याने कोणाचं इतकं निव्वळ भलं दुसऱ्यांदा केलेलं नाही. २४ ऑक्टोबरला ड्यूक होहेनहाइमच्या वाड्यात वारला. गादीवर आलेल्या भावाने पुढच्याच वर्षी शाळा बंद केली.