बस्त्याचे शेठ

पालघर-बोईसर पट्ट्यात लग्न ठरलं की पहिला वाद तारखेवरून होतो आणि दुसरा बस्ता कुठे बांधायचा यावरून. एक गट दादरचा, एक सुरतेचा. दादरवाल्यांना डहाणू लोकलच्या गर्दीतून पिशव्या सांभाळत येण्यात पुरुषार्थ वाटतो. सुरतवाल्यांना ‘तिथे निम्म्या भावात मिळतं’ हे पुढची वीस वर्षं सांगायचं असतं. शेवटी चौदा माणसं, त्यातली तीन गुडघेदुखीची, कुठेच नेणं जमत नाही आणि सगळा लवाजमा बोईसर स्टेशनजवळच्या शेठकडे येऊन चपला काढतो. शेठना हे माहीत असतं. दादर आणि सुरत यांच्या मधे गादी टाकून बसलेल्या माणसाला घाई कसली?

हे शेठ एकच नाहीत. एक पालघरला माहीम रोडवर भेटतील, एक डहाणूला, आणि सगळे एकाच ताग्यातून फाडलेले. म्हणून नाव सांगत नाही. मूळ गाव राजस्थानात, पण ते फक्त कुलदेवतेपुरतं. खरी ओळख एकच: “आम्ही अणुभट्टीच्या आधीचे!” तारापूरचं केंद्र 1969 साली वीज देऊ लागलं. ते बांधायला आलेल्या माणसांना शेठच्या वडिलांनी म्हणे चादरी आणि बनियन विकले. मग एमआयडीसी आली, गिऱ्हाइकं वाढली, तशा शेठच्या भाषा वाढल्या. वाडवळांशी वाडवळी, गुजरात्यांशी गुजराती, कारखान्यातल्या भैयांशी हिंदी. कॉलनीतल्या दाक्षिणात्य बाईंशी ते नुसतं “कांचीपुरम, कांचीपुरम” म्हणत मान हलवतात, तेवढ्यावर भागतं. देशातली पहिली अणुवीज जवळच तयार झाली असली तरी ऐन लग्नसराईत दुकानातले दिवे जातातच. त्याचाही शेठना त्रास नाही. “उजेडात बघा ना वहिनी,” म्हणून ते साडी दारात नेतात, आणि रस्त्यावरची चार माणसं बघायला थांबतात.

लोकांना वाटतं शेठचा धंदा साड्यांचा. साड्या उलगडायला पोरं आहेत. त्यातला एक मिशीवाला खांद्यावर पदर टाकून असा काही वळतो की भल्याभल्या बायका नवऱ्याकडे तुच्छतेनं बघतात. शेठचं काम निराळं. चौदा माणसांत निर्णय कुणाचा, हे ते चहा येण्याआधी ओळखतात. जी बोलते ती नव्हे. जी बोलणारीकडे बघत नाही, ती. पैसे देणाऱ्याला ते काउंटरजवळ खुर्ची देतात, पेपर देतात आणि विसरून जातात. दोन्ही विहिणींना एकाच गादीवर कधी बसवत नाहीत. मधे मामाला बसवतात. मामाला नाहीतरी अष्टपुत्री घेण्याव्यतिरिक्त मत नसतं.

या यंत्रात नवरीला जागा फारशी नाही. नवरीनं लाजावं, ‘आई म्हणेल ते’ म्हणावं आणि अडीच तासांनी पहिलीच साडी बरी होती असं सांगावं, ही रीत.

परवा मात्र शेठकडे आली ती कबड्डी खेळणारी. पालघरच्या दांडेकर कॉलेजातून शिकलेली, संघाची चढाईपटू, पायात स्पोर्ट्स शूज आणि डाव्या गुडघ्याला नीकॅप. मी नवऱ्याकडच्या बाजूनं, म्हणजे निव्वळ पिशव्या धरायला गेलो होतो. मुलीचे वडील चिंचणीचे डायमेकर. सोनारांना दागिने ठोकायला लागणारे साचे त्या चिंचणी-तारापूर भागात घरोघरी कोरले जातात. ज्या माणसानं जन्मभर लोकांच्या लेकींसाठी मोत्याएवढी नक्षी कोरली, त्याची लेक म्हणत होती, “मंगळसूत्र ठीक आहे. बाकी काही नको, टोचतं.” वडील पेपरात तोंड घालून बसले होते. पेपर उलटा नव्हता, पण वाचतही नव्हते.

शेठनी नेहमीप्रमाणे सुरुवात वजनदार मालानं केली. जरीकाम केलेला घागरा दोन पोरांनी मिळून आणला. मुलीनं तो एका हातानं उचलला, वर-खाली करून पाहिला आणि म्हणाली, “काका, यात खाली बसता येतं का?”

“खाली कशाला बसायचं ताई? नवरीला सिंहासन असतं.”

“आणि जेवायला?”

“भरवतात ना.”

“आणि बाथरूमला?”

दुकानात शांतता पसरली. आत्यानं थंड्याची बाटली खाली ठेवली. शेठच्या कारकिर्दीत हा प्रश्न अनेक नवऱ्यांच्या मनात येऊन गेला असणार. तोंडातून पहिल्यांदाच आला.

मग मुलीनं आपली मागणी सांगितली. शिवलेली नऊवारी. पायजम्यासारखी चढवायची, चेन ओढायची, संपलं. रंग कुठलाही. खिसा हवा. दहा मिनिटांत काम उरकून तिला सरावाला जायचं होतं. “पुढच्या रविवारी स्पर्धा आहे,” असं ती म्हणाली, आणि लग्न त्याच्या पुढच्या रविवारी.

इथे अडचण अशी की शालू नवऱ्याकडचा. मुलीनं स्वस्तातलं मागितलं की विहीणबाईंची मान खाली जाते. “लोक म्हणतील, सुनेला साधं गुंडाळलं,” असं त्या हळूच म्हणाल्या, म्हणजे सगळ्या दुकानाला ऐकू गेलं. त्यांनी येवल्याच्या अस्सल पैठणीवर बोट ठेवलं. मुलगी म्हणाली, “चालेल, हीच शिवून द्या.”

शेठनी छातीवर हात ठेवला. धंद्यातल्या नाटकाचा हात नव्हता तो. अस्सल पैठणी हातमागावर महिनोन्‌महिने विणतात, पदरावरचा मोर धाग्याधाग्यानं भरतात, आणि त्याला कात्री लावून चेन बसवायची? “ताई, मला गोळी घाला,” शेठ म्हणाले. “पण पैठणी माझ्या दुकानात कापली जाणार नाही.”

मी इतकी वर्षं शेठना ओळखतो. न विकण्याबद्दल भांडताना त्यांना तेव्हाच पाहिलं.

पण गिऱ्हाईक हातचं जाऊ देतील ते शेठ कसले! त्यांनी खालच्या कप्प्यातून हलक्या रेशमाची, पैठणी काठाची शिवलेली नऊवारी काढली आणि भाषणाला सुरुवात केली. “तुम्हाला वाटतं नऊवारी म्हणजे जुनं लोढणं. अहो, नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, पण काष्टा मारला की दोन्ही पाय मोकळे! सातपाटीच्या मावश्या बघा. लुगडं गुडघ्यावर खोचून पापलेटाची टोपली डोक्यावर घेतात आणि धावत गाडी पकडतात. क्रांती साळवी 2018 मध्ये बर्लिनची मॅरेथॉन नऊवारीत पळाल्या, बेचाळीस किलोमीटर, चार तासांच्या आत! त्याच वर्षी शीतल महाजनांनी थायलंडमध्ये नऊवारी नेसून विमानातून उडी मारली!”

“कुठल्या दुकानातली होती?” मामानं पहिल्यांदाच तोंड उघडलं. शेठनी ऐकलं नाही.

मुलगी आत गेली आणि आत्याची बाटली संपायच्या आत नऊवारी घालून बाहेर आली. इतर नवऱ्या अशा वेळी आरशाकडे जातात. ही गादीच्या कडेला उभी राहिली. मग वाकली, एक पाय मागे ताणला, “कबड्डी कबड्डी” करत मामाच्या अंगावर चालून गेली, मिशीवाल्या पोराच्या गुडघ्याला हात लावला आणि उलटी उडी मारून परतली. मिशीवाला आपोआप बाद होऊन बाजूला उभा राहिला. काष्टा जागचा हलला नव्हता. फक्त कमरेत थोडं ताणलं. “इथे एक इंच सोडा काका,” ती म्हणाली. “आणि खिसा उजवीकडे.”

शेठनी मास्तरला हाक मारली. खिशाला ते नाही म्हणाले नाहीत, पण “मोबाइलपुरताच, फुगीर नको” अशी अट घातली. नवरीच्या खिशातून शिट्टी बाहेर येताना त्यांना बहुधा आधीच दिसली असावी.

राहिल्या विहीणबाई. शेठ त्यांच्या गादीवर सरकले आणि आवाज खाली आणला. तो मी ऐकला, कारण पिशव्यांसह तिथेच होतो. “वहिनी, पोरगी हुशार आहे. स्वतःचं साधं घेतलं. का? पैठणी सासूच्या अंगावर शोभावी म्हणून. तोंडानं बोलणार नाही ती. खेळाडू आहे.”

मुलीच्या डोक्यात असलं काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. ती तेव्हा बुटाची नाडी बांधत होती. पण विहीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं, डोळ्यांना पदर लावला आणि ती अस्सल पैठणी, न कापता, स्वतःसाठी बांधायला सांगितली. मग धाकट्या जावेला पैठणी नाही तर निदान तिच्यासारखी, म्हणून एक. मग आत्या रुसू नये म्हणून एक. उरलेल्या मानपानाच्या साड्या आणि टॉवेल-टोप्या तर ठरलेल्याच. नवरीनं दहा मिनिटांत दिलेल्या नकाराचं बिल भारी शालूच्या कितीतरी पुढे गेलं. वडिलांनी पेपर मिटला.

तेव्हापासून शेठचं मत पक्कं झालंय: साधी नवरी आली की सासूला आधी चहा द्यायचा.

जाताना मुलगी काउंटरशी थांबली. “काका, आमच्या संघाला बारा टी-शर्ट द्या ना. स्पर्धेसाठी.”

शेठनी चष्मा कपाळावर चढवला. “दुकानाचं नाव पाठीवर येईल?”

“पाठीवर नंबर असतो.”

“मग छातीवर.”

“तिथे मंडळाचं नाव.”

“बाहीवर?”

“बिनबाह्यांचे आहेत.”

शेठ थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग मिशीवाल्याला म्हणाले, “बारा काढ. आणि चड्डीवर कुठे जागा असते, ते ताईंना विचारून घे.”