द्रुतगती नियतकालिकांच्या संपादक महोदयांस अनावृत पत्र

प्रति,
मा. प्रधान संपादक,
सर्व विद्याशाखांना सामावणारी व चोवीस तासांत स्वीकृती देणारी आंतरराष्ट्रीय संशोधन नियतकालिके.

स. न. वि. वि.

तज्ज्ञ-समीक्षण, म्हणजे शोधनिबंध छापण्यापूर्वी त्या विषयाच्या जाणकारांनी तो तपासून त्यातील दोष दाखवण्याची पद्धत, ही महिनोन्महिने रेंगाळणारी प्रक्रिया महोदयांनी एका रात्रीत आटोपून दाखवली, याबद्दल पुणे शहरातील पदोन्नतीच्या प्रतीक्षेत असलेला अध्यापकवर्ग महोदयांचा ऋणी आहे. मृदाशास्त्रापासून संतसाहित्यापर्यंतचे विषय एकाच अंकात नांदवण्याची आणि प्रकाशन शुल्क जमा होताच लेखकाच्या प्रतिपादनाशी सहमत होण्याची ही उदारता जुन्या वळणाच्या संपादकांना कधी साधली नाही. जॉन बोहॅनन या पत्रकाराने ढोबळ चुका मुद्दाम पेरून रचलेला बनावट निबंध ३०४ नियतकालिकांकडे पाठवला, तेव्हा त्यांपैकी १५७ नियतकालिकांनी तो स्वीकारल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झाले; ज्यांनी नाकारला, त्यांचा धंदा कसा चालतो हे एक कोडेच आहे.

या भरभराटीचे श्रेय मात्र एकट्या महोदयांचे नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमावलीत एपीआय ही गुणपद्धती आणली, जिच्यात प्रत्येक शोधनिबंधाला ठरावीक गुण असत आणि त्या गुणांवर नेमणूक व पदोन्नती अवलंबून राही. निबंध वाचण्यापेक्षा मोजणे सोपे असल्यामुळे मोजणारे निश्चिंत झाले, आणि ज्यांच्याकडे प्रयोगशाळा नाही, धड ग्रंथालय नाही, पण तासिकांचे ओझे मात्र पुरेपूर आहे, अशा अध्यापकांना महोदयांचेच दार ठोठावणे भाग पडले.

या सुरळीत व्यवहारात विघ्न आले ते गणेशखिंडीतून. आयोगाने मान्य केलेल्या यादीत विद्यापीठांच्या शिफारशीवरून दाखल झालेल्या नियतकालिकांचा एक नमुना तेथील सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासला व त्याचे निष्कर्ष मार्च २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये मांडले. तपासलेल्या १,००९ नियतकालिकांपैकी ३४.५ टक्क्यांच्या बाबतीत पत्ता, संकेतस्थळ, संपादकांची नावे अशी प्राथमिक माहितीच चुकीची होती किंवा मिळत नव्हती, तर आणखी ५२.३ टक्के नियतकालिके खोटा आयएसएसएन, बनावट इम्पॅक्ट फॅक्टर अशा कारणांनी बाद झाली. वास्तविक आयएसएसएन हा नियतकालिकाची ओळख पटवणारा आठ अंकी क्रमांक असून गुणवत्तेशी त्याचा काडीचाही संबंध नाही. आणि इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे नियतकालिकाच्या आधीच्या दोन वर्षांतील लेखांचा एखाद्या वर्षी सरासरी किती वेळा संदर्भ घेतला गेला याचे गुणोत्तर, जे काढण्यासाठी कोणाला तरी ते लेख वाचावे लागतात. महोदयांनी ही अट वगळून आकडा थेट मुखपृष्ठावर छापला, हे संख्याशास्त्राला त्यांनी दिलेले योगदानच म्हणावे लागेल.

मे २०१८ मध्ये आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून वगळली, आणि २०१९ पासून पुणे विद्यापीठातील कक्षाच्या देखरेखीखाली ‘केअर’ ही नवी यादी सुरू झाली. महोदय खचले नाहीत. यादीतील प्रतिष्ठित नियतकालिकांच्या नावाची आणि क्रमांकाची हुबेहूब नक्कल करून संकेतस्थळे उभी राहिली, ज्यांना ‘क्लोन’ नियतकालिके म्हणतात, आणि त्यामुळे प्रामाणिक संपादकांवर खरे आपणच आहोत असे जाहीर करण्याची पाळी आली.

आता शुभवर्तमान असे की, फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने केअर यादी बंद केल्याचे जाहीर करून, काही मार्गदर्शक निकष सुचवून, नियतकालिके पारखण्याचे काम उच्च शिक्षण संस्थांवर सोपवले. म्हणजे ज्या विद्यापीठांच्या शिफारशींमुळे २०१८ च्या तपासणीला एवढा विषय मिळाला, त्यांच्याकडेच निवड परत आली आहे. तरी महोदयांनी संस्थांच्या नव्या समित्यांतील सन्माननीय सदस्यांना आपल्या संपादक मंडळावर येण्याचे निमंत्रण विनाविलंब धाडावे. त्यांच्यापैकी काहींची नावे छायाचित्रांसह तेथे आधीच झळकत असण्याचा संभव आहे. त्यांना फक्त कळवायचे राहिले असेल.

कळावे, लोभ असावा.