मुंगूसरावांस अनावृत पत्र

रा. रा. मुंगूसराव,
धुऱ्यावरचं बीळ, जिल्हा यवतमाळ



आपल्या शिवारातला कोंबडीपालक सांदवाडीत नवं खुराडं बांधतो आहे. आपण रोज संध्याकाळी पाहणीला येताच. तरी बांधकामाचा तपशील रीतसर कळवलेला बरा.

खिसा रिकामा, म्हणून सामान शेतातलं. कापसाच्या जिल्ह्यात पऱ्हाटी फुकट! पण कृषी विभाग म्हणतो, पऱ्हाटी रचून ठेवू नका. तिच्यावरच्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत तग धरते. 2017 साली तिनं इथला कापूस कसा पोखरला, ते कोंबडीपालक विसरलेला नाही. म्हणून त्यानं तुऱ्हाट्या निवडल्या. त्यांचा कूड बांधून वरून शेणमातीनं लिंपलं की भिंत तयार. आपल्यालाही ती आवडेल. पावसाळ्यात पायथा भिजला की नखांना फारसे कष्ट नाहीत.

खांबांना बांबू. 2017 मध्येच भारतीय वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला, त्यामुळे शेतातला बांबू तोडणं-नेणं सोपं झालं. जंगलातल्या बांबूवर वनखात्याची नजर आहेच.

छपराला भंगारातले टिनपत्रे. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो. नुसत्या पत्र्याखाली कोंबड्या उष्माघातानंच मरतील आणि आपला घास आयता हुकेल, म्हणून पत्र्यावर तुऱ्हाट्यांचा जाड थर येतो आहे. खाली आरागिरणीवरचा भुसा.

पाण्यासाठी कुणी फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा कापून देऊ केला, तो त्यानं घेतला नाही. 2017 च्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेनं या जिल्ह्यात शेतकरी आणि शेतमजूर दगावले. असला डबा धुतला तरी भांडं म्हणून वापरायचा नसतो. मातीचं परळ काय वाईट?

आता आपल्या जिव्हाळ्याचा विषय, जाळी. बाजारात षटकोनी भोकांची पातळ कोंबडीजाळी स्वस्त मिळते. ती कोंबडीला आत ठेवते, आपल्याला बाहेर ठेवत नाही, हे आपण अनेक घरी सिद्ध करून दाखवलं आहे. म्हणून बाकी सगळीकडे वाचवलेला पैसा त्यानं अर्ध्या इंची वेल्डेड जाळीत घातला. खिडकीला आणि दाराला ती ठोकलीच; शिवाय भिंतीच्या पायथ्यापासून बाहेरच्या बाजूला फूटभर रुंदीची पट्टी मातीखाली आडवी पुरली. आपली उकरायची जागा भिंतीलगतचीच असते, हा अभ्यासही आपल्याच कृपेनं झाला.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्या केसालाही धक्का लावता येत नाही. आपल्या केसांच्या रंगकामाच्या ब्रशवरसुद्धा बंदी आहे. तेव्हा पिंजरा नाही, काठी नाही. फक्त ही जाळी.

शेतात उंदीर भरपूर आहेत, साप आहेत. त्यांचा समाचार आपण जरूर घ्यावा, गाव आभारी राहील. कोंबड्यांवर मात्र लोभ नसावा, ही विनंती.