श्रीयुत साडेचार यांस अनावृत पत्र

प्रति,
श्रीयुत साडेचार,
मु. पो. हीट पंपाचं माहितीपत्रक, पान दुसरं, ठळक टाईप.

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुमचा-आमचा परिचय अलीकडचाच. इंग्लंडातल्या आमच्या जुन्या जुळ्या घरातला गॅस बॉयलर थकला, तेव्हा हीट पंप विकणारे एक गृहस्थ आले आणि त्यांनी तुम्हाला आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणून बसवलं. ‘एक युनिट वीज घाला, साडेचार युनिट उष्णता काढा,’ असं ते म्हणाले. एक घालून साडेचार काढायची भाषा आम्ही आजवर फक्त चिटफंडवाल्यांच्या तोंडी ऐकली होती, त्यामुळे कान लगेच टवकारले.

पण तुम्ही त्या जातकुळीतले नाही, हे मान्य. हवेत उष्णता असतेच, थंडीतल्या हवेतही असते. पंप ती गोळा करून घरात आणतो, वीज लागते ती फक्त ही ने-आण करायला. पुण्यात भावाच्या हॉलमधला एसी हेच काम उलट्या दिशेने करतो. अशा यंत्राने इमारती तापवता येतील, हे ग्लासगोच्या विल्यम थॉमसन यांनी, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विन यांनी, 1852 सालीच मांडलं होतं. तेव्हा घराणं खानदानी आहे, त्याबद्दल वाद नाही. तक्रार आहे ती तुमच्या एकट्याच्या वागण्याबद्दल.

गृहस्थांचा हिशेब एका पाकिटाच्या पाठीवर मावला. मध्यम वापराच्या घराला वर्षाला 11,500 युनिट गॅस लागतो, असं इथली नियामक संस्था ऑफजेम 2025 साली धरत होती, आणि आमचं बिलही त्याच वळणाचं. बॉयलर शंभरातले पंधरा युनिट धुराड्यातून घालवतो असं धरलं, तर घराला प्रत्यक्ष मिळते 9,775 युनिट उष्णता. तिला भागिले तुम्ही. उत्तर आलं 2,172 युनिट वीज. ऑक्टोबर ते डिसेंबर 2025 या तिमाहीसाठी ऑफजेमने ठरवलेला विजेचा कमाल दर सरासरी 26.35 पेन्स, म्हणजे वर्षाचे 572 पौंड. गॅसचा दर 6.29 पेन्स, त्याने होतात 723 पौंड. ‘दीडशे पौंड वाचले, शिवाय पृथ्वीही वाचली,’ असं म्हणून त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

या हिशेबात गुणाकार बरोबर आहे, भागाकार बरोबर आहे. घोळ फक्त तुमच्यात आहे.

तुमच्या पायाशी, चाळिशीच्या चष्म्यालाही दाद न देणाऱ्या अक्षरांत, लिहिलं आहे: ए7/डब्ल्यू35. अर्थ एवढाच की बाहेरची हवा 7 अंश सेल्सियस आणि पंपातून निघणारं पाणी 35 अंश असताना तुम्ही साडेचार असता. प्रयोगशाळेत हे सहज जमतं. आमचे रेडिएटर मात्र बॉयलरच्या 60-70 अंशांच्या पाण्यावर वाढलेले. त्यांना 35 अंशांचं पाणी पाजलं तर ते कोमट होतील आणि आम्ही स्वेटर घालून जेवायला बसू. पाणी 50 अंशांवर न्यावं, तर तुमचा रुबाब उतरतो.

हा काही तुमचा स्वभावदोष नव्हे, हा निसर्गनियम. बाहेरची हवा आणि आतलं पाणी यांच्यातली दरी जितकी मोठी, तितकी वीज जास्त. ए7/डब्ल्यू35 मध्ये ही दरी 28 अंशांची, तिथे अगदी आदर्श यंत्रालाही 11 च्या वर जाता येत नाही. खरं यंत्र त्याच्या चाळीसेक टक्के गाठतं, तेच तुम्ही. आता बाहेर उणे 2 आणि आत 50 करून बघा. दरी 52 अंशांची, आदर्श मर्यादा सहाच्या जरा वर, आणि त्याच प्रमाणात तुम्ही अडीच. साहेब, एका रात्रीत दोन आकडे गळून पडले, आणि माहितीपत्रकाला त्याचा पत्ताही नाही.

पलीकडच्या गल्लीतला एक पंप मी हिवाळ्यात जाता-येता बघते. बाहेर एक-दोन अंश, हवा दमट, आणि मागच्या बाजूच्या पात्यांवर पांढरं दव गोठलेलं. मग पंखा थांबतो, यंत्र उलटं फिरतं आणि घरात नेलेली उष्णता थोडी परत आणून तो बर्फ वितळवतं. वाफेचा लोट उठतो, शेजारचे पडदा सारून बघतात. तुम्ही त्या वेळी कुठे असता? पान दोनवर, 7 अंशांच्या सुखात.

एप्रिलमधल्या एखाद्या उबदार दुपारी तुम्ही साडेपाचही होत असाल. पण त्या दुपारी घराला उष्णता हवी असते कितीशी? जानेवारीत मागणी सर्वांत जास्त आणि नेमके तेव्हाच तुम्ही सर्वांत अशक्त. म्हणून वर्षाची सरासरी काढताना दिवस मोजून भागत नाही, कुठल्या दिवशी किती उष्णता लागली त्याचं वजन धरावं लागतं. पाकिटाच्या पाठीवर नेमकी याच वजनाला जागा नव्हती.

शिवाय आंघोळीचं पाणी. त्यासाठी टाकी 50 अंशांच्या आसपास ठेवायची आणि जंतू होऊ नयेत म्हणून अधूनमधून 60 पर्यंत न्यायची. तो शेवटचा चढ बऱ्याच ठिकाणी टाकीतला साधा हीटर चढतो. त्याचा हिशेब सोपा, एक घाला आणि एकच काढा. ज्या घरात दिवाळीच्या पहाटे सगळ्यांनाच अभ्यंगस्नानाला कढत पाणी लागतं, तिथे हा ‘एक’ वार्षिक सरासरीला चांगलाच खाली खेचतो.

मग त्याच दरांवर मी उलटा हिशेब मांडला. गॅसशी बरोबरी करायची तर पंपाने किती द्यायला हवं? गॅसचा युनिट 6.29 पेन्सला, बॉयलरची गळती धरली की तो घरात पडतो 7.4 पेन्सला. 26.35 भागिले 7.4, उत्तर साडेतीनच्या किंचित वर. साडेतीन मुहूर्त, साडेतीन शक्तिपीठं आणि साडेतीन शहाणे मानणाऱ्या माणसाला याहून ओळखीचा आकडा कोणता मिळणार! वार्षिक सरासरी साडेतीनच्या वर राहिली तर खिसा वाचतो, खाली घसरली तर पृथ्वी वाचते आणि खिसा जातो.

प्रत्यक्षात काय होतं? ब्रिटिश सरकारच्या पैशातून 742 घरांत पंप बसवून मोजमाप झालं. हवेतून उष्णता घेणाऱ्या पंपांचा मध्यक वर्षभरात 2.8 च्या आसपास निघाला. त्याने भागलं तर 3,491 युनिट, म्हणजे 920 पौंड. गॅसपेक्षा जवळजवळ दोनशे पौंड जास्त. पण मोठे रेडिएटर, घराला मापून घेतलेला पंप आणि कमी तापमानाचं पाणी असं नीट जमलं, तर 3.8 गाठणारी घरंही आहेत. तिथे हाच खर्च 678 पौंडांवर येतो. घर तेच, थंडी तीच, दर तोच, आणि फरक जवळजवळ अडीचशे पौंडांचा. हा फरक यंत्राच्या नावापेक्षा ते बसवणाऱ्याच्या हातात जास्त असतो, आणि त्याचा उल्लेख कुठल्याही पानावर ठळक टाईपात नाही.

गंमत म्हणजे पंपाच्या बाजूचा एक खरा मुद्दा गृहस्थांनी काढलाच नाही. चूलही विजेवर नेली आणि गॅसची जोडणी पार काढून टाकली, तर त्याच तिमाहीच्या दराने रोजचा 34 पेन्सचा स्थिर आकार वाचतो. वर्षाचे 124 पौंड. तेवढ्याने बरोबरीची रेषा साडेतीनवरून तीनच्या जवळ उतरते. दिवसाच्या ठराविक तासांत स्वस्त वीज देणारे दरही पंपवाल्यांना मिळतात. तुम्ही टेबलावर बसलेले असताना या खऱ्या गोष्टींकडे कोण बघणार?

इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकार 7,500 पौंडांचं अनुदान देतं, पण ते पंप बसवायला, चालवायला नाही. चालवण्याचं बिल आमच्याच नावावर येणार. तेव्हा श्रीयुत साडेचार, माहितीपत्रकातला मुक्काम हलवा अशी विनंती आहे. तुमच्या जागी वार्षिक सरासरी येऊ द्या. ती दिसायला तुमच्याइतकी देखणी नाही, पण बिलाशी तिची ओळख आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक वीजग्राहक

ता. क. (हे तुमच्यासाठी नाही, वाचकांसाठी): पंप जरूर घ्या, पण सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा. प्रत्येक खोलीतून किती उष्णता गळते त्याचा हिशेब. कडाक्याच्या थंडीत रेडिएटरना किती अंशांचं पाणी लागेल तो आकडा. आणि त्याच पाण्यावरची, आंघोळीच्या पाण्यासकट वर्षभराची सरासरी. ती साडेतीनच्या वर नसेल, तर रेडिएटर मोठे करायला सांगा, गॅसची जोडणी काढायचा विचार करा, नाहीतर दुसरा बसवणारा शोधा. आणि तिन्हींपैकी एकही आकडा लेखी मिळत नसेल, तर चहा पाजून निरोप द्या.